‘तू फक्त अभ्यास कर’ची मुदत संपल्यावर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की कट-ऑफ, शाखा आणि फी यांवर रकानेच्या रकाने छापून येतात. त्याच दिवसांत शिकायला बाहेरगावी वसतिगृहात जाणाऱ्या मुलांच्या घरी गादी, बादली, कुलूप, चादरी यांची खरेदी सुरू होते. बॅग भरते, पण ती उचलून जाणाऱ्या मुलाला बँकेतला साधा अर्ज भरता येतो का, ताप आला तर कोणती गोळी किती तासांनी घ्यायची हे ठाऊक आहे का, याची चौकशी कोणी करत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे घरात एकच वाक्य घुमत असते : ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो.’ त्यामागे मायाच असते. पण सीईटीचा शेवटचा पेपर झाला की या वाक्याची मुदत संपते आणि नेमके तेच पालकांच्या ध्यानात येत नाही. सीईटी एप्रिल-मेमध्ये होते, मग कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांचे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट तरी उजाडतो. म्हणजे दोन-तीन महिने मुले घरी मोकळी असतात. या काळात कोणती कामे त्यांच्या अंगावर टाकावीत आणि न टाकल्यास पुढे कुठे अडते, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

पहिले काम प्रवेशाच्या अर्जाचेच. तालुक्याच्या गावी हा अर्ज बहुधा सायबर कॅफेत भरला जातो. ई-मेल कॅफेवाल्याचा किंवा त्याने जागेवर तयार केलेला, मोबाइल वडिलांचा, आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत. पहिल्या फेरीत जागा लागते, मुलगा लॉगिन करू पाहतो आणि ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर. वडील त्या वेळी ड्यूटीवर किंवा एसटीत. मिळालेली जागा कायम (फ्रीझ) करायची की पुढच्या फेरीत आणखी चांगल्या जागेसाठी (बेटरमेंटला) थांबायचे हे ठरवायला दोन-तीन दिवसच असतात, आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीझ होते, हेही पुष्कळांना अर्ज भरून झाल्यावर कळते. तेव्हा मुलाचा स्वतःचा ई-मेल हवा, साध्या नाव-आडनावाचा, आणि अर्ज कॅफेत भरला तरी कीबोर्ड मुलाच्या हातात असावा. जो मोबाइल नंबर दिला तो शिक्षण पूर्ण होईपर्यंत बदलायचा नाही. पुढे परीक्षा, शिष्यवृत्ती, बँक सगळे त्याच नंबराला चिकटते. स्वस्त रिचार्जच्या मोहाने नंबर टाकून दिला की वर्षभर दुरुस्त्याच करत बसावे लागते.

कागदपत्रांत सर्वात जास्त घोटाळा नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वेळी पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे अकरावीत काढून फाइलला लावलेले बहुधा कामाला येत नाही. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नवा अर्ज टाकला तर बरे. जूनमध्ये सेतू केंद्रांत उभे राहायला जागा नसते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर अकरावी-बारावीतच गेलेला हवा. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळे महाविद्यालयात मूळ स्वरूपात जमा करण्याआधी पीडीएफमध्ये स्कॅन करून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे स्कॅन नव्हे. तो दाबला जाऊन अक्षरे पुसट होतात आणि छाननीत परत येतो.

आधार कार्डावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः जुळते का, हे आत्ताच ताडून पाहावे. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी; शिवाय कुठे वडिलांचे नाव गळालेले, कुठे ‘राव’ जास्तीचा. अभ्यासक्रमाचे क्रेडिट (श्रेयांक) जमा होण्यासाठी लागणारा एबीसी आयडी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक) डिजिलॉकरमधून निघतो आणि तिथे नाव जुळले नाही की गाडी अडते. वयाच्या १५ व्या वर्षी करायचे बायोमेट्रिक अपडेटही अनेकांचे राहिलेले असते. बालपणीचे ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत, आणि हे नेमके परीक्षेच्या दारात समजते.

ही सगळी धावपळ मुलाने करावी. सेतूच्या खिडकीपाशी पालकांनी जाऊ नये, बाहेर गाडीजवळ थांबावे. आतला माणूस ‘कशासाठी हवंय?’ विचारतो तेव्हा मूल मागे वळून बघते. तिथे उत्तर द्यायला आपण उभे नसलो की ते स्वतःच देते, थोडे अडखळत का होईना.

बँकेचे प्रकरण याहून नाजूक आहे. बहुतेक मुलांचे खाते शाळेत असताना अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालील) म्हणून उघडलेले असते. मुलगा १८ चा झाला की बँकेला त्याची नवी सही आणि नवी केवायसी लागते. ती होईपर्यंत अनेक बँका खात्यातून पैसे काढू देत नाहीत. वाढदिवस जर ऑक्टोबरमध्ये असेल, खाते गावच्या शाखेत आणि मुलगा तीनशे किलोमीटरवर, तर सत्राच्या मध्यावर खाते अडकते. वाढदिवस प्रवेशाच्या आधी येत असेल तर त्याच आठवड्यात शाखेत जाऊन यावे. नंतर येत असेल तर त्या तारखेच्या आसपासची घरी येण्याची सुट्टी आत्ताच ठरवून ठेवावी.

शिष्यवृत्तीचे पैसे कुठे जातात याबद्दल तर घरोघरी गैरसमज आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जाते असे वाटते; प्रत्यक्षात ती आधारशी डीबीटीसाठी (सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी) शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. खात्याला आधार ‘लिंक’ असणे आणि डीबीटीसाठी ‘सीडिंग’ झालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग कोणत्या बँकेत आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दोन मिनिटांत दिसते. तिथे शाळेत उघडलेले जुने झिरो बॅलन्स खाते निघाले, आणि ते निष्क्रिय झालेले असले, की मंजूर झालेली रक्कमही परत जाऊ शकते. मुलगा महाविद्यालयातल्या लिपिकाशी भांडत राहतो, दोष मात्र बँकेतला असतो.

हातखर्चाचे पैसे महिन्याचे एकदम देऊ नयेत, निदान पहिले सहा महिने. २,४०० रुपये द्यायचे असतील तर दर सोमवारी ६०० टाकावेत. फी, खोलीभाडे आणि मेसचे पैसे एका खात्यात, हातखर्च दुसऱ्यात, आणि यूपीआय फक्त दुसऱ्याला जोडलेले. पंधराचा चहा, वीसचा वडापाव, मित्राचे चाळीस असे पैसे फोनमधून जाताना दिसत नाहीत. पाकीट रिकामे होताना निदान हाताला तरी कळायचे. पालकांच्या खात्यावरून मुलाला मर्यादेत खर्च करू देण्याची यूपीआय सर्कलची सोय आहे, पण तीत प्रत्येक खर्च पालकांना दिसतो. माझ्या मते कॉलेजातल्या मुलाचा चहाही मोजत बसण्याएवढी पाळत ठेवू नये. हिशेब महिन्यातून एकदा मागावा आणि तो त्याने स्वतः लिहिलेला असावा.

एक इशारा मात्र ठणकावून द्यावा. ‘तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असे सांगणारे लोक वसतिगृहांच्या आसपास असतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचे पैसे फिरवले जातात आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. खाते, सिमकार्ड, ओटीपी यांतले काहीही रूममेटलासुद्धा वापरायला द्यायचे नाही. स्वतःची फसवणूक झाली तर लाजून दोन दिवस गप्प न बसता त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता त्या पहिल्या तासांतच असते.

आता खोलीतल्या विजेकडे येतो, कारण यावर कोणी बोलत नाही. खोलीतली साधी सॉकेट ६ अँपिअरची असतात. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे सुमारे १,३८० वॉट. पाणी तापवायचा रॉड बहुधा १,५०० वॉटचा असतो, इंडक्शन शेगडी २,००० वॉटच्या आसपासची. ही उपकरणे साध्या सॉकेटवर, त्यातही दीडशे रुपयांच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावली की आधी पिन गरम होते, मग प्लास्टिक पिवळे पडते, मग जळका वास येतो. १६ अँपिअरची जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये बसत नाही ती याचसाठी. तिला अ‍ॅडॉप्टर लावून बसवणे म्हणजे सुरक्षेची सोय आपल्याच हाताने काढून टाकणे. रॉडची तर वेगळी शिस्त आहे. बादली प्लास्टिकची, लोखंडी कधीच नाही. आधी रॉड पाण्यात, खुणेपर्यंत बुडालेला, मग पिन सॉकेटमध्ये, मग बटण. पाणी तापले का हे बघायला बोट घालायचे तर बटण बंद करून आणि पिन काढूनच. रॉड बाहेर काढतानाही तोच क्रम, उलटा. हे तोंडी सांगून भागत नाही. घरात सोलर किंवा गीझर असला तरी एक रॉड आणून आठवडाभर मुलाला त्यानेच पाणी तापवायला लावावे. अनेक वसतिगृहांत रॉडला बंदी असते हे खरे, आणि अनेक खोल्यांत गादीखाली रॉड असतो हेही खरे.

कपड्यांकडे पालक ‘शिकेल आपोआप’ म्हणून बघतात. त्यातून वसतिगृहात जो आजार घर करतो तो म्हणजे गजकर्ण. पावसाळ्यात जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, दमट अंतर्वस्त्र तसेच चढवले जाते, टॉवेल तिघांत एक. मांडीच्या सांध्यात किंवा कमरेला गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा उठतो. मुले लाजेपोटी घरी सांगत नाहीत, मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतात. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असले की दोन दिवसांत खाज थांबते, मुलगा खूश होतो, आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते. मग त्वचारोगतज्ज्ञाकडे काही महिन्यांच्या फेऱ्या. म्हणून दोन टॉवेल द्यावेत, अंतर्वस्त्रांचे आठ जोड द्यावेत, पावसाळ्यासाठी जीन्सऐवजी पटकन वाळणाऱ्या पँट द्याव्यात. आणि चट्टा दिसताच डॉक्टरांना दाखवायचा, दिलेले औषध डाग गेल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवायचे, हे कसलाही संकोच न करता सांगावे. धुण्याचेही एक तंत्र आहे : अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे पावडर पुरते, कपडे अर्धा तास भिजवायचे, रात्रभर नाही. मूठभर पावडर टाकली की ती निघत नाही, कपडा कडक होतो आणि अंग खाजते. खाज आली की पुन्हा ट्यूब.

औषधांची पिशवी देताना प्रत्येक पाकिटावर मार्करने मराठीत लिहून द्यावे. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या संयुक्त गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकदम घेतल्या की मात्रा दुप्पट होते, हे पुष्कळ मोठ्यांनाही माहीत नसते. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यूची शंका जाईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घ्यायचे नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर. सीनियरच्या कपाटात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या नव्हेत. जुलाबासाठी ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पुरे विरघळवायचे. छोटे पाकीट २०० मिलिलिटरसाठी असते. मोठे पाकीट एका ग्लासात ढवळून प्यायले तर मीठ-साखर फार दाट होऊन उपायाऐवजी अपाय होतो. टेट्रापॅकमधली गोड पेये हे ओआरएस नव्हे.

जेवणाचे फार लिहीत नाही. मेस दोन वेळचे देते, नाश्ता देत नाही, आणि पोषणाची खरी गळती सकाळीच होते. आठ-नऊचे लेक्चर, रिकामे पोट, अकराला वडापाव. सातूचे पीठ, गूळ, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे खोलीत असले तर गॅसशिवाय पाच मिनिटांत काम होते. पाच किलो चिवडा-लाडू देऊ नयेत. ते तिसऱ्या दिवशी रूममेट आणि मुंग्या मिळून संपवतात. मेस लावताना खाड्याचा नियम विचारायचा : किती सलग दिवस गेले तर खाडा धरतात, आदल्या दिवशी सांगावे लागते का, पैसे वळते होतात की दिवस वाढवून मिळतात. कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन) राहणार असाल तर अनामत रकमेची पावती घ्यावी, वीज युनिटवर की ठरावीक हे लिहून घ्यावे, आणि खोली ताब्यात घेतानाच भिंती, फर्निचर, नळ यांचा व्हिडिओ काढून ठेवावा. सोडताना ‘रंग खराब केला’ म्हणून अनामत कापली जाते तेव्हा तोच कामी येतो.

कायद्याच्या बाबतीत तीन गोष्टी पुरेत. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे; त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. देशपातळीवरची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. दुसरे, बारावी झालेली पुष्कळ मुले-मुली अजून १७ वर्षांचीच असतात. शरीरसंबंधाला १८ च्या खालच्या व्यक्तीने दिलेली संमती पॉक्सो (बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा) कायदा मानत नाही, त्यांचे अश्लील फोटो मागवणे-पाठवणे हाही गुन्हाच. हे मुलीला सांगतो तितकेच मुलाला सांगायला हवे, आणि आपल्याकडे मुलाला कोणी सांगत नाही. तिसरे, लायसन्स नसलेल्या १७ वर्षांच्या मुलाला गाडीची किल्ली दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

आता फोनबद्दल. दिवसातून चारदा फोन करून ‘जेवलास का?’ विचारले की उत्तर ‘हो’च येते. त्याऐवजी रात्री एकदाच फोन करून ‘आज भाजी कुठली होती?’ विचारावे. मेसला न गेलेल्याला सांगता येत नाही. पहिला आठवडा नव्याच्या नवलाईत जातो. घराची ओढ लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि बहुधा रविवारी संध्याकाळी. त्याला एक अगदी साधे कारण आहे : बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. स्थानिक मुले घरी गेलेली, खोली रिकामी, रात्रीचे जेवण कुठे करायचे हे ठरलेले नाही. त्या वेळी ‘मला परत यायचंय’ असा फोन आला तर लगेच गाडी काढू नये आणि ‘एवढी फी भरलीय’ हेही ऐकवू नये. आधी जेवायला कुठे जाणार ते विचारावे आणि पोट भरल्यावर पुन्हा फोन करायला सांगावा. दिवसाची कोणती वेळ जड जाते हे विचारले की मुले बोलतात. हेच सलग दोन-तीन आठवडे चालले, झोप उडाली, वर्ग बुडायला लागले, अंघोळ-जेवण सुटले, तर मात्र आपण जाऊन यायचे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येते, आणि तो पालकांनाही वापरता येतो.

शेवटी, हे सगळे क्रमांक फोनमध्ये ठेवून भागत नाही. फोन हरवतो, चोरीला जातो, एसटी स्टँडवर बॅटरी संपते. घर सोडण्याआधी मुलाचा फोन काढून घ्यावा, कागद द्यावा आणि आई-वडिलांचे दोन्ही नंबर आठवून लिहायला सांगावे. दहा आकडे पुरे करणारी मुले थोडी निघतात. आणि आईचा नंबर लिहिणारी त्याहून थोडी.

आपला,
एका वसतिगृहाचा रेक्टर, पुणे